चौथ्या दिवशी थांबलेली गोळी: लहान मुलं तपासणाऱ्या डॉक्टरांना एका आशाचं खुलं पत्र

माननीय डॉक्टरसाहेब, माननीय डॉक्टर मॅडम,

सविनय नमस्कार.

हे पत्र आमच्या तालुक्यात खासगी दवाखाना चालवून लहान मुलं तपासणाऱ्या तुम्हा सगळ्यांना आहे, आणि ते जुलाबात द्यायच्या झिंकच्या गोळीबद्दल आहे. उघड लिहितेय, कारण ते आयांनी वाचावं, त्यांच्या सासवांनी वाचावं आणि तुमच्या दवाखान्याशेजारच्या मेडिकलवाल्यांनीही वाचावं असं मला वाटतं.

मी आशा कार्यकर्ती आहे. २००९ पासून एक गावठाण आणि डोंगरकडेच्या दोन वाड्या माझ्याकडे आहेत. तुमच्यापैकी बरेच जण मला तोंडओळखीने ओळखत असतील. अवघडलेल्या बायका आणि तापाने फणफणलेली पोरं घेऊन मी तुमच्या बाकावर कितीतरी वेळा बसलेय, आणि रात्री अकरा वाजता दार उघडून तुम्ही आमची पोरं तपासलीत हेही मी विसरलेले नाही. नाव मुद्दाम लिहीत नाही. माझं नाव कळलं की गाव कळेल, गाव कळलं की बाळ कळेल, आणि मग दवाखानाही कळेल. मला कुणा एकाला चारचौघांत उभं करायचं नाही. जे घडलं ते एकाच दवाखान्यात घडत असतं तर मी तिथे जाऊन हात जोडून बोलले असते.

यंदाच्या लावणीच्या दिवसांतली गोष्ट. अकरा महिन्यांच्या मुलाला दोन दिवस पातळ जुलाब होत होते, दिवसाला सात-आठ वेळा. शीमध्ये रक्त नव्हतं. डोळे थोडे ओढलेले होते, पण रडताना पाणी येत होतं आणि वाटी दिसली की तो झेपावत होता. पोटाच्या कातडीला चिमटा घेऊन पाहिलं, कातडी पटकन मागे गेली. म्हणजे तोंडाने पाजून सांभाळता येईल असं दुखणं. मी लिटरच्या बाटलीने पाणी मोजून जलसंजीवनीचं पाकीट कालवलं, वाटी-चमच्याने पाजायला बसवलं, आणि झिंकच्या चौदा गोळ्या आईच्या हातात दिल्या. पहिली गोळी तिने माझ्यासमोर चमच्यात स्वतःचं दूध पिळून विरघळवली आणि पोराला दिली. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी चौदा तारखांना पेनाने गोल केले. रोज गोळी दिली की त्या गोलात फुली मारायची. ही माझी जुनी पद्धत आहे. शाळा न शिकलेल्या आजीलाही ती जमते आणि आई खाचरात गेली तरी दिवस चुकत नाही.

चौथ्या दिवशी मी गेले तेव्हा चार फुल्या होत्या. जुलाब दिवसाला तिनावर आले होते, पोर अंगावर नीट पीत होतं, मऊ भात मागत होतं. त्याच संध्याकाळी त्याचा काका शहरातून आला. पोराला अजून पातळ होतंय आणि घरचे पाकिटावर बसलेत हे त्याला सहन झालं नाही. माया होती म्हणूनच त्याने मोटरसायकल काढली. दवाखान्यात सुई मिळाली, अँटिबायोटिकची बाटली मिळाली, पिणाऱ्या पोराला एक सलाईन लागलं. आईने पदराला बांधून नेलेली गोळ्यांची पट्टी दाखवली. तिला जे उत्तर मिळालं ते तिने मला जसंच्या तसं सांगितलं: “ही सरकारी गोळी बंद करा, हिच्यानेच तो ओकतोय. टाकून द्या.”

तिने टाकली. उरलेल्या दहा गोळ्यांची पट्टी मला घरामागच्या उकिरड्यावर पावसात भिजलेली सापडली. कॅलेंडरवर चार फुल्या आणि दहा रिकामे गोल तसेच होते.

तीन आठवड्यांनी त्याच मुलाला पुन्हा जुलाब लागले. यावेळी तो वाटीकडे बघेना, मान टाकली होती, चिमट्यातली कातडी तशीच उभी राहत होती. १०८ बोलावली. चार दिवस तो दवाखान्यात होता. वाचला. पण महिन्याच्या वजनाच्या दिवशी अंगणवाडीताईंनी काट्यावर ठेवला तेव्हा त्याचं वजन आधीच्या महिन्यापेक्षा पाऊण किलोने उतरलेलं होतं, आणि अकरा महिन्यांच्या पोराचं पाऊण किलो म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको.

त्या दहा गोळ्या घेतल्या असत्या तर दुसरं दुखणं आलंच नसतं, असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. तुम्हीही म्हणू शकणार नाही. पण ते टळण्याची किंवा हलकं जाण्याची जी काही शक्यता होती, ती आपण मोठ्या माणसांनी त्याच्या हातून काढून घेतली. म्हणून हे पत्र.

यात माझं स्वतःचंही काही आहे, ते आधी सांगते. २००७ च्या पावसाळ्यात माझी मुलगी वर्षाची होती. नुकती पाऊल टाकायला लागली होती, खाटेचा पाय सोडून दाराच्या उंबऱ्यापर्यंत चालत यायची. त्या एका पावसाळ्यात तिला तीन वेळा जुलाब झाले. तीनही वेळा आम्ही तिला तालुक्याला नेलं, तीनही वेळा सुई आणि बाटली, आणि घरी आल्यावर दोन दिवस तिचं खाणं बंद, कारण आम्हाला तसंच सांगितलं होतं. तिसऱ्या दुखण्यानंतर माझी मुलगी चालायची थांबली. पुन्हा रांगायला लागली, मग रांगणंही सोडलं आणि नुसती बसून राहायची. दिवाळी उलटली तेव्हा तिने परत पाऊल टाकलं. त्या खर्चासाठी आम्ही दुभती म्हैस विकली, म्हणजे तिच्या तोंडचं दूधही गेलं.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००४ मध्येच एकत्र सांगितलं होतं की मुलांच्या जुलाबात ओआरएसबरोबर, म्हणजे जलसंजीवनीबरोबर, झिंक द्या, दहा ते चौदा दिवस, सहा महिन्यांखालच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम आणि त्यावरच्याला २० मिलिग्रॅम. आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २००६ च्या मार्गदर्शक सूचनांत झिंक घेतलं होतं. माझी मुलगी आजारी पडली ती त्यानंतरच्या वर्षी. तीन फेऱ्यांत तीन कागद मिळाले, एकावरही झिंक नव्हतं. हे मला पुढे दोन वर्षांनी आशाच्या प्रशिक्षणात कळलं. त्या दिवशी प्रशिक्षणाच्या खोलीत मी रडले होते आणि का रडतेय हे शेजारच्या बाईला सांगता आलं नव्हतं.

आता ती मुलगी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. या पत्रात इंग्रजीतून आलेलं जे काही आहे ते तिने मला वाचून आणि समजावून दिलं आहे.

तुम्हाला झिंक म्हणजे काय हे मी शिकवावं असं नाही. पण हे पत्र आयाही वाचणार आहेत, म्हणून त्यांच्यासाठी लिहिते. झिंक म्हणजे जस्त. वाडीतल्या म्हाताऱ्या विचारतात, “पत्र्याचं जस्त? ते पोराला?” हो, तेच, पण अगदी कणभर आणि औषधाच्या रूपात. आपल्या शरीराला ते रोज लागतं आणि ते साठवून ठेवायची कोठी शरीरात नाही. जुलाबात ते शीतून वाहून जातं. आधीच नुसत्या भातावर आणि डाळीच्या पाण्यावर असलेल्या पोराच्या अंगात ते कमी असतं, जुलाबाने आणखी कमी होतं. मग आतड्याचं अस्तर लवकर भरून येत नाही, रोगाशी झगडायची ताकद उतरते, आणि पुढच्या जुलाबाला ते पोर आणखी सोपी शिकार ठरतं. गोळी दिली की चालू दुखण्याचे दिवस कमी होतात, शीचं प्रमाण कमी होतं. आणि चौदा दिवस पुऱ्या दिल्या तर पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब होण्याची शक्यताही घटते. आमच्याकडे आषाढात गोळ्या पूर्ण झाल्या तर पावसाळ्याचा वाईट काळ सरेपर्यंत मुलाला तेवढा आधार मिळतो. म्हणूनच जुलाब थांबल्यावरही गोळी चालू ठेवायची असते. घरच्यांना पटवायला सगळ्यात अवघड गोष्ट हीच आहे, आणि तुमचा एक शब्द तिथे माझ्या दहा फेऱ्यांपेक्षा जड असतो.

हे ज्ञान बाहेरून आलेलंही नाही. दिल्लीच्या वस्तीत राहणाऱ्या ९३७ मुलांना घेऊन केलेला अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात डॉ. महाराज किशन भान यांच्यासारखे आपले डॉक्टर होते. झिंक मिळालेल्या मुलांमध्ये जुलाब लांबत जाण्याचा धोका २३ टक्क्यांनी कमी दिसला. आपल्या गरीब घरांतल्या मुलांनी ते सिद्ध करून दिलं, त्यावरून जगाने धोरण केलं, आणि आपल्या गरीब घरांतल्या मुलांनाच ते मिळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशात जुलाब झालेल्या मुलांपैकी ६०.६ टक्क्यांना ओआरएस मिळालं होतं. झिंक मिळालं होतं ३०.५ टक्क्यांना. दहातली सात मुलं गोळीवाचून राहिली.

आता माझ्या तक्रारी मांडते. राग धरून नव्हे, पण मोकळेपणाने.

पहिली. तुमच्या कागदावर झिंक बहुतेक वेळा नसतंच. जुलाबाच्या घरी गेले की मी कागद मागून पाहते. अँटिबायोटिक असतं, उलटीचं औषध असतं, पोटातल्या चांगल्या जंतूंची पुडी असते, कधी भुकेचं टॉनिक असतं. ओआरएस कधी असतं, कधी तोंडी सांगितलेलं असतं. ज्या दोन औषधांवर सगळ्या जगाचं एकमत आहे तीच दोन कागदाच्या तळाला किंवा कागदाबाहेर असतात. टॉनिकमध्ये थोडं झिंक असतं म्हणून वेगळं लिहिलं नाही, असं एकदा मला सांगण्यात आलं. त्या बाटलीवरचं प्रमाण माझ्या मुलीने वाचलं. जुलाबाच्या उपचाराला लागतं त्याच्या जवळपासही ते नव्हतं.

दुसरी. झिंक लिहिलंच तर किती दिवस ते लिहिलेलं नसतं. बाटली संपली की औषध संपलं, असं आई धरते. किंवा शी घट्ट झाली की बाटली फळीवर जाते आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या पोराला कामी येते.

तिसरी अँटिबायोटिकची आहे. शीत रक्त असेल, पटकीचा संशय असेल, तर ते हवंच आणि ते ठरवायला तुम्हीच हवेत. पण लहान मुलांचे पाण्यासारखे जुलाब बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतात आणि त्यांच्यावर अँटिबायोटिक चालत नाही, हे आम्हाला दहावी-बारावी शिकलेल्या बायांनाही शिकवलं गेलंय. म्हणजे तुम्हाला ते माहीत आहेच. संडास बांधून ठेवणारं औषध लहान पोरांना देऊ नये हेही माहीत आहे. तरीही ते देताना पाहिलंय. त्यावर जास्त लिहीत नाही.

चौथी. पिऊ शकणाऱ्या पोराला सलाईन. ज्याने मान टाकलीय, ज्याच्या पोटात काही ठरत नाही, त्याला सलाईन लागतंच, आणि त्यासाठी आम्हीच धावत गाडी बोलावतो. पण वाटी बघून झेपावणाऱ्या पोराच्या हाताला सुई टोचली की त्याच्या आईच्या मनात एक गोष्ट कायमची बसते: खरं औषध बाटलीतलं, घरचं पाणी म्हणजे गरिबाची समजूत. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांत मीठ-साखरेचं पाणी कालवून ठेवलं आणि रुग्णांच्या घरच्यांनाच ते पाजायला सांगितलं. पटकीने शंभरात तीसच्या आसपास माणसं दगावत होती, ते प्रमाण चाराच्या आत आलं. पाजणारे हात आईबापांचे आणि बहीणभावांचे होते. आमच्या आयांचे हात त्यांच्यापेक्षा कमी नाहीत.

पाचवी तक्रार मला सगळ्यात जास्त लागलेली आहे. “सरकारी गोळी” हा शब्द. तुम्ही तो सहज बोलता. पण त्या शब्दाने एका क्षणात गोळी हलकी होते, गोळी देणारी बाई हलकी होते, आणि पुढच्या वेळी मी त्या घरी गेले की आई मान खाली घालून म्हणते, “ताई, डॉक्टरांनी नको म्हटलंय.” मग मी लसीबद्दल बोलले तरी तीच नजर. रोटाव्हायरसची लस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना द्यायची असते, ती जुलाबाचीच लस आहे, आणि तीही सरकारीच आहे. तुम्ही एका पट्टीवर बोललात, पण ते माझ्या सगळ्या कामावर पडलं. ही गोळी सरकारी नाही. तेच झिंक तुमच्या खालच्या दुकानात वेगळ्या वेष्टनात मिळतं.

उलटीचं म्हणाल तर तुमचं म्हणणं खोटं नाही. गोळीची चव धातूसारखी असते, काही पोरं ओकतात. मी स्वतः पाहिलंय. २०२० मध्ये भारत आणि टांझानियातल्या ४,५०० मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. २० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी जवळपास पाचातल्या एकाला अर्ध्या तासात उलटी झाली, कमी मात्रा घेणाऱ्यांत हे प्रमाण कमी होतं, आणि कमी मात्रेने जुलाबावरचा गुण काही कमी झाला नाही. म्हणजे पोर ओकत असेल तर मात्रा कमी करावी का, हा विचार करायला जागा आहे. तो विचार तुम्ही करायचा, तो माझा अधिकार नाही. गोळी अर्धी करा म्हणालात तर मी मान हलवून अर्धी करायला लावेन. टाकून द्या म्हणालात, त्याला मात्र त्या अभ्यासातलं एक अक्षरही आधार देत नाही.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे मी शेवटी पेन उचललं. पावसाळ्यात जुलाब थांबवण्याचं अभियान चालतं. पूर्वी ते पंधरवड्याचं होतं, २०२४ मध्ये ते दोन महिन्यांचं झालं. त्याच्या बैठकीला तुमच्यापैकी काही जण आले होते. चहाच्या वेळी मी धीर करून विचारलं की ओआरएस आणि झिंक का लिहीत नाही. उत्तर शांतपणे आणि खरेपणाने आलं, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं: “ताई, लोकांनाच नको असतं. पाकीट आणि गोळी देऊन पाठवलं तर उद्या ते दुसऱ्या दवाखान्यात जातात.”

घरी येऊन मी हे मुलीला सांगितलं. तिने दोन दिवसांनी मला एक अभ्यास वाचून दाखवला. २०२४ मध्ये सायन्स नावाच्या मोठ्या नियतकालिकात तो आला आहे. कर्नाटक आणि बिहारमधल्या २५३ शहरांतल्या दोन हजारांहून जास्त खासगी दवाखान्यांत आणि औषध दुकानांत संशोधकांनी बाप बनवून माणसं पाठवली. दोन वर्षांच्या मुलाला जुलाब होतायत, असं त्यांनी सांगायचं. काहींनी आम्हाला ओआरएस हवंय असं म्हणायचं, काहींनी अँटिबायोटिक हवंय असं, काहींनी काहीच नाही. ओआरएस मागणाऱ्याला ते लिहून मिळण्याचं प्रमाण २७ टक्क्यांच्या फरकाने वाढलं. दुकानात पाकिटं भरून ठेवल्याने फार फरक पडला नाही, औषधविक्रीतला फायदा काढून टाकल्यानेही सरासरीत फरक दिसला नाही. ओआरएस न लिहिण्यामागे सगळ्यात मोठं कारण निघालं ते हे, की लोकांना ते नकोच आहे असं देणाऱ्याला वाटतं. हा अभ्यास ओआरएसचा होता, झिंकचा नव्हता. पण बैठकीतलं ते वाक्य जणू त्यातूनच उचललेलं होतं.

डॉक्टरसाहेब, मी सतरा वर्षं या घरांत जातेय. आईला सुई हवी असते हे खरं नाही. तिला पोर बरं व्हायला हवं असतं, आणि कुणीतरी नीट लक्ष दिलं असं वाटायला हवं असतं. तुम्ही पोराच्या पोटावर हात ठेवता, चिमटा घेऊन बघता, आणि म्हणता, “याच्या अंगातलं पाणी थोडं कमी झालंय, हे पाणी असं असं पाज, ही गोळी चौदा दिवस दे, शी घट्ट झाली तरी सोडू नको, आणि असं असं दिसलं तर रात्रीही घेऊन ये.” एवढं ऐकून एकही आई नाराज होऊन उठलेली मी पाहिली नाही. त्या वाक्यासाठी तुमची फी ती आनंदाने देईल. तिला न विचारता तिच्या मनातलं तुम्ही ठरवून टाकलंय, आणि तिने तुमच्या हातून नेहमी सुईच पाहिली म्हणून तीही आता सुई मागायला शिकलीय.

मेडिकलवाल्या भाऊंनाही दोन शब्द. रात्री दवाखाना बंद असला की लोक तुमच्याच काउंटरवर येतात. जुलाब म्हटलं की रंगीत डब्यातलं गोड पेय पुढे करू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली, कारण त्यांत साखर भरमसाट असते आणि जुलाबात ती पाणी आणखी ओढते. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी त्यासाठी आठ वर्षं झगडा दिला. नाव बदललं तरी डबा लोकांच्या ओळखीचा आहे आणि ते तोच मागतात, तेव्हा सांगायचं काम तुमचं आहे. दुसरं, पाकिटांचे आकार. तुमच्याकडचं छोटं पाकीट २०० मिलिलिटरचं असतं, आमचं २०.५ ग्रॅमचं पाकीट एक लिटरचं. मी स्वतः लिटरचं पाकीट एका पेल्यात कालवलेलं पाहिलंय. आईला पाकीट देताना पाणी किती, एवढं बोटाने दाखवून सांगा.

आमची बाजूही स्वच्छ नाही, ते लपवत नाही. गेल्या वर्षी ऐन पावसाळ्यात माझ्या किटमध्ये पाकिटं होती आणि गोळी एकही नव्हती. शेजारच्या गावच्या आशाकडून मी उसन्या आणल्या, त्या तिलाही पुरल्या नाहीत. ओआरएस आणि झिंक एकाच पुडक्यात द्यावं म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ते जोडपाकीट आवश्यक औषधांच्या यादीत घातलं. पाकीट एका खोक्यात, गोळी दुसऱ्या खोक्यात आणि दुसरं खोकं वाटेत, असं पुन्हा होऊ नये, हे मी वरच्या साहेबांनाही लेखी कळवलंय आणि इथेही लिहितेय. विहिरीत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची पावडर, वेळेवर पडत नाही हेही खरं. पण गोळी घरात पोचलेली असताना ती उकिरड्यावर गेली, तो दोष पुरवठ्याचा नव्हता.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

१. पाच वर्षांखालच्या प्रत्येक जुलाबाच्या कागदावर ओआरएस आणि झिंक पहिल्या दोन ओळींत लिहा.

२. झिंकपुढे दिवस लिहा, आकड्यात: १४. आणि शी घट्ट झाल्यावरही द्यायचं, हे मराठीत लिहा. आई वाचू शकली नाही तरी मी वाचेन.

३. आम्ही सुरू केलेली गोळी बंद करायची असेल किंवा मात्रा बदलायची असेल, तर कारण कागदावर लिहा. मी ते कारण मान्य करीन.

४. अँटिबायोटिक देताना ते कशासाठी, हे आईला एका वाक्यात सांगा. रक्त असेल तर रक्त म्हणा. सांगण्यासारखं कारण नसेल तर ते देऊ नका.

५. खाणं बंद करायला सांगू नका. अंगावरचं दूध तर कधीच नको.

६. “सरकारी गोळी” म्हणू नका.

पुढच्या सोमवारपासून माझ्याकडचं जुलाबाचं पोर तुमच्याकडे येईल तेव्हा त्याच्या आईच्या हातात वहीच्या पानाची एक चिठ्ठी असेल. त्यावर मी लिहिलेलं असेल: पाजलेल्या पाण्याचा अंदाज, शीत रक्त आहे की नाही, आणि आज झिंकच्या गोळीचा कितवा दिवस. खाली तुमच्यासाठी एक ओळ मोकळी ठेवते आहे. त्या ओळीवर पुढे काय करायचं ते लिहून खाली सही करा. ती चिठ्ठी मी कॅलेंडरशेजारी भिंतीवर लावीन, आणि उरलेल्या फुल्या आई मारील.

आपली नम्र,
तुमच्याच तालुक्यातली एक आशा